रिकामटेकडे उद्योग

कुठल्याही उपनगरी वसाहतीतला सूचनाफलक एकदा सवडीने वाचावा. जिन्यात कुंड्या ठेवू नयेत. विनापरवानगी गच्चीवर जाऊ नये. बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालू नयेत. झाडांवर पाट्या, घरटी, दिवे यांपैकी काहीही लटकवू नये. मोकळ्या जागेत खेळू नये. यातल्या प्रत्येक सूचनेमागे कधीतरी कुणाची तरी तक्रार असते, हे कबूल. पण सगळ्या सूचना एका दमात वाचल्या की त्यांतून एक आदर्श रहिवासी उभा राहतो. तो संध्याकाळी घरी येतो, दार लावून घेतो, सकाळी दार ओढून निघून जातो. त्याला कसलाही नाद नाही. त्याच्या घरापुढे त्याच्या असण्याची एकही खूण नाही. समितीच्या दृष्टीने याच्यासारखा गुणी माणूस नाही, आणि माझं भांडण नेमकं या गुणी माणसाशी आहे.

वसाहतीच्या नियमांनी त्रासाचा बंदोबस्त करावा, कुणाला काय कसं दिसतं याच्या फंदात पडू नये, असं माझं म्हणणं आहे. ऐकायला हे साधं वाटतं. पण समितीच्या सभेत जाऊन एवढं एकच वाक्य बोलून बघा, मग कळेल ते किती जणांना झोंबतं.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी घराच्या आवारात पर्जन्यमापक बसवला आहे. दिसायला तो म्हणजे वीतभर रुंदीचं, पारदर्शक प्लास्टिकचं एक उभं नळकांडं. आत आणखी एक बारीक नळी आणि तोंडाशी नरसाळं. गंमत त्या आतल्या नळीत आहे. तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ नरसाळ्याच्या एक दशांश असल्यामुळे आभाळातून पडलेला एक मिलिमीटर पाऊस नळीत एक सेंटिमीटर उंच चढतो. त्यामुळे डोळ्यांना सहज वाचता येतो. सकाळी सातला ते बाहेर येतात, गुडघे वाकवून पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत आणतात, आकडा वहीत लिहितात आणि पाणी झाडाला घालतात. दूध किंवा पेपर आणायला निघालेला कुणीतरी हटकून विचारतो, "काका, किती झाला?"

"अठ्ठावीस पूर्णांक चार."

"एवढाच? रात्री तर छप्पर उडतंय की काय असं वाटत होतं!"

"वाऱ्याचा आवाज होता तो. पाऊस परवा जास्त होता. परवा त्रेपन्न."

एवढंच बोलणं. पण पावसाळ्यात रोज कुणा ना कुणाशी होणारं. त्या नळकांड्याला समितीची नोटीस आली, कारण "दर्शनी भागात अनधिकृत वस्तू." आधी ते मागच्या बाजूला न्यायला सांगितलं, तर तिथे भिंतीचा आडोसा. आडोशाला पाऊस कमी पडतो आणि आकडा खोटा येतो. पर्जन्यमापक उघड्यावरच हवा, आजूबाजूच्या उंच वस्तूंपासून लांबच हवा, हे त्यांनी समजावून सांगितलं. समितीने ऐकून घेतलं आणि नियम नियम असतो असं उत्तर दिलं.

या असल्या नळकांड्यांचं मोल काय, हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहराला 1997 साली चांगलंच कळलं. 28 जुलैच्या रात्री तिथे अचानक पूर आला आणि पाच माणसं दगावली. पुढे हिशेब लावला तेव्हा शहराच्या एका कडेला दीड दिवसात साडेतीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला होता, तर काही किलोमीटरवर पन्नासच्या आसपास. अधिकृत केंद्रं मोजकी आणि लांब लांब. ढग नेमका कुठे फुटला हे त्यांच्या आकड्यांवरून कळणं शक्यच नव्हतं. म्हणून 1998 साली तिथल्या विद्यापीठातल्या हवामानतज्ज्ञांनी सामान्य माणसांच्या अंगणात साधे पर्जन्यमापक बसवायला सुरुवात केली. आता ते जाळं अमेरिकाभर आणि कॅनडातही पसरलं आहे. आकडे धाडणारे हजारो लोक आहेत, आणि हवामान खातं ते आकडे वापरतं. पाऊस गल्लीगल्लीत वेगळा पडतो. तो मोजायचा तर गल्लीगल्लीत एखादा नादिष्ट माणूस लागतो. त्याला पगारावर ठेवणं कुठल्याही सरकारला परवडणार नाही.

नादिष्टांचा मुकुटमणी मात्र ग्रोट रेबर. शिकागोजवळच्या व्हीटन नावाच्या उपनगरात राहणारा पंचविशीतला रेडिओ अभियंता. आकाशातून रेडिओलहरी येतात हे कार्ल जान्स्की या अभियंत्याने 1933 साली जाहीर केलं होतं, पण खगोलशास्त्रज्ञांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. रेबरने घेतलं. 1937 च्या उन्हाळ्यात त्याने घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, स्वतःच्या खर्चाने, लाकडी सांगाडा आणि जस्ती पत्रा वापरून त्या लहरी पकडणारी साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभी केली. दिवसा शिकागोत नोकरी आणि रात्री आकाशाचं श्रवण, कारण दिवसा रस्त्यावरच्या मोटारींच्या ठिणग्यांचा खरखराट यंत्रात शिरायचा. पहिल्या दोन वारंवारतांवर काहीच हाती लागलं नाही. तिसऱ्यांदा, 160 मेगाहर्ट्झवर, आकाशगंगा ऐकू आली. 1944 पर्यंत त्याने रेडिओलहरींमध्ये दिसणाऱ्या आकाशाचे नकाशे छापून आणले. जवळजवळ दहा वर्षं रेडिओ-खगोलशास्त्र नावाचं शास्त्र जगात एका माणसाच्या अंगणात चाललं होतं. ती तबकडी आज वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक वेधशाळेच्या आवारात मानाने उभी आहे.

आता हीच तबकडी एखाद्या आजच्या नीटनेटक्या वसाहतीत उभी करायची परवानगी मागून बघा. साडेनऊ मीटर! समितीचा अध्यक्ष अर्ज पुरता वाचणारसुद्धा नाही.

दुसरं उदाहरण मला रेबरहून जास्त आवडतं, कारण त्यात यंत्रच नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या उपनगरात जेनिफर ओवेन राहायच्या. त्या प्राणिशास्त्रज्ञ, पण बाग चारचौघांसारखी. थोडं गवत, फुलांचे वाफे, भाजीपाला, एक छोटं तळं. सारं मिळून सुमारे 740 चौरस मीटर. 1972 पासून तीस वर्षं त्यांनी या बागेत काय काय येतं याची नोंद ठेवली. बागेत कीटकनाशक मारायचं नाही, आणि जे उडतं-सरपटतं ते पकडून, ओळखून वहीत लिहायचं. मधल्या काळात त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला, तरी नोंदी थांबल्या नाहीत. शेवटी यादी झाली 2,673 जातींची. त्यांत 474 वनस्पती, 1,997 कीटक, 138 इतर अपृष्ठवंशी आणि 64 पृष्ठवंशी प्राणी. काही गांधीलमाश्या तर ब्रिटनमध्ये त्याआधी कुणी नोंदवल्याच नव्हत्या. घनदाट अरण्य नाही, अभयारण्य नाही. शेजारीपाजारी तशाच बागा, त्यांत बहुधा तेवढेच जीव, फक्त मोजायला कुणी बसलेलं नव्हतं. उपनगर म्हणजे निर्जीव, एकसुरी, साच्यातून काढलेली वस्ती असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही यादी उशाशी ठेवून झोपावं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, विज्ञानाला उपयोग होत असेल तर द्या परवानगी. इथेच मला थांबायचं आहे, कारण हा बचाव वरवर भक्कम दिसला तरी आतून कच्चा आहे. एका रेबरमागे असे शेकडो असणार ज्यांनी अंगणात काहीतरी खटपट केली आणि हाती काहीच लागलं नाही. पर्जन्यमापकवाल्या काकांचे आकडे कुठे जातात? माझ्या माहितीत, वहीत. गल्लीतल्या सगळ्या मांजरांची कुळी तोंडपाठ असलेल्या बाई आहेत. घरावरून जाणारं विमान कुठून कुठे चाललं आहे हे आवाजावरून सांगणारा शाळकरी मुलगा आहे. कोपऱ्यावरचं झाड दरवर्षी कोणत्या तारखेला पहिलं फूल धरतं याची भिंतीवर पेन्सिलने नोंद करणारं एक जोडपं आहे. यांतून मानवजातीला काय मिळणार आहे? बहुधा काही नाही. छंदाने आधी आपला उपयोग सिद्ध करावा आणि मग परवानगी मागावी, असं एकदा मान्य केलं की नव्वद टक्के छंद तिथेच बाद झाले. रेबरही बाद झाला असता. 1937 साली त्याला तरी काय सापडणार आहे हे कुठे ठाऊक होतं?

म्हणून माझा युक्तिवाद उपयोगावर टेकलेला नाही. तो दिसण्यावर टेकलेला आहे. छंद घराबाहेर दिसला की बोलायला कारण मिळतं. उपनगरातली मोठी अडचण ही की माणसं जवळ राहतात, पण त्यांना एकमेकांशी बोलायला निमित्त नसतं. एकाच बाजारात, एकाच कचेरीत, एकाच कारखान्यात त्यांची गाठ पडत नाही. ती फक्त झोपायला शेजारी असतात. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने 1970 च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांवर कॅमेरे लावून माणसांचं निरीक्षण केलं. अनोळखी माणसं एकमेकांशी केव्हा बोलतात? तर दोघांच्या समोर एखादी तिसरी गोष्ट असते तेव्हा. एखादा वाजवणारा, एखादं शिल्प, काहीतरी विचित्र. त्या गोष्टीकडे बघत बघत दोन परके एकमेकांकडे बघतात. उपनगरात चौकातले कलावंत येत नाहीत. तिथे ती तिसरी गोष्ट म्हणजे कुणाची तरी दुर्बीण, कुणाचं तरी पक्ष्यांसाठी टांगलेलं भांडं, कुणाचं तरी अर्धवट जोडलेलं सायकलींचं धूड. ती दर्शनी भागातून मागे न्या, असं सांगणारा नियम खरं तर संभाषण मागे न्या असं सांगत असतो.

डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनेच्या अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या रस्त्यांवर केलेली पाहणी याच्याशी जोडून बघावी. दिवसाला सुमारे दोन हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र त्याच रस्त्यावर राहणारे होते. सोळा हजार गाड्यांच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरता नाही, 0.9. शांत रस्त्यावरची माणसं रस्त्यालाही आपलं घर समजत होती, गजबजलेल्या रस्त्यावरची आत सरकली होती. माणसाला आत ढकलायला गाड्याच लागतात असं नाही. फलकावरची सूचनाही ते काम करते. तिला पेट्रोलही लागत नाही.

कसं दिसावं याचे हे नियम आले कुठून, तेही बघण्यासारखं आहे. आधुनिक उपनगराचा नमुना म्हणून ज्याचं नाव हटकून घेतलं जातं ते न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं लेव्हिटटाउन. 1947 ते 1951 या काळात सतरा हजारांहून अधिक घरं, कारखान्यातल्या जुळणीसारखी भराभर उभारलेली. घरासोबत नियमावली आली. कुंपण घालायचं नाही. गवत आठवड्यातून एकदा कापायचं, नाही कापलं तर घरं बांधणाऱ्या कंपनीचा माणूस कापेल आणि बिल तुम्हाला येईल. कपडे दोरीवर वाळत घालायचे नाहीत, छत्रीसारख्या मिटत्या स्टँडवर घालायचे, आणि शनिवार-रविवारी तेही नाही. आणि त्याच कराराच्या कागदावर आणखी एक कलम होतं, की या घरात गोऱ्या वंशाखेरीज कुणाला राहू देऊ नये. अपवाद फक्त घरगड्यांचा. 1948 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमं कोर्टामार्फत राबवता येणार नाहीत असा निकाल दिला. कंपनीने कलम काढलं, धोरण मात्र चालूच ठेवलं.

प्रत्येक कुंडीबंदीमागे वंशद्वेष असतो असं म्हणणं आचरटपणाचं होईल, आणि मी तसं म्हणत नाही. पण गवताची उंची आणि शेजाऱ्याचा रंग ही दोन कलमं एकाच कागदावर बसू शकली, कुणाला त्यात विसंगती वाटली नाही, हे विसरण्यासारखं नाही. वस्ती कशी दिसावी हे ठरवण्याचा अधिकार एकदा हातात आला की वस्तीत कोण दिसावं इथपर्यंत जायला फार चालावं लागत नाही. लेव्हिटटाउनच्या लोकांनी मात्र त्या साच्याचा नंतर छान समाचार घेतला. मजले चढवले, खोल्या वाढवल्या, दारं हलवली. मूळ रूपात राहिलेलं घर तिथे आता शोधावं लागतं. एकसारखी घरं देणाऱ्याला वाटलं होतं की त्यात राहणारेही एकसारखे होतील.

आता आक्षेप. ते खरे आहेत आणि त्यांना टाळून हा विषय पुढे नेता येत नाही. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचतं, त्यात डास होतात. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. कबुतरांना दाणे टाकणारा माणूस स्वतः पुण्य कमावतो आणि वरच्या-खालच्या खिडक्यांना विष्ठा भेट देतो. त्या धुळीने फुप्फुसाचा विकार होऊ शकतो, ही काही सोवळ्या लोकांनी उठवलेली आवई नाही. पहाटे ड्रम वाजवणारा शेजारी, जिन्यात अडवून ठेवलेलं सामान, आग लागली तर पळायची वाट बंद, हे सगळं आहेच. पण या प्रत्येक ठिकाणी त्रास कुठे आहे हे बोटाने दाखवता येतं. मग नियमही त्या बोटाच्या टोकावर असावा. ताटलीत पाणी साचू देऊ नये, हा नियम. कुंड्या ठेवू नयेत, हा आळस. जिन्याची वाट अमुक इतकी रुंद मोकळी राहिली पाहिजे, हा नियम. जिन्यात काहीही नको, हा पुन्हा आळस. दुर्बिणीतून शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावणं हा गुन्हा आहे आणि त्याला कायदा आहे. म्हणून दुर्बिणीवरच बंदी घालायची असेल तर खिडक्यांवरही घालावी लागेल. (दुर्बीणवाल्यांची खरी तक्रार उलटी असते. समितीने सुरक्षेच्या नावाखाली लावलेले रात्रभराचे झगझगीत दिवे त्यांचं आभाळ खाऊन टाकतात. त्याची नोटीस कुणी कुणाला काढायची?)

घरांचे भाव पडतात, हा सगळ्यात जोरकस मानला जाणारा आक्षेप. घर विकून जाणाऱ्याला वस्ती कुणाचीच नसल्यासारखी दिसावी असं वाटतं, कारण येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती आपली वाटायला हवी. त्याची बाजू मला समजते. पण वसाहतीतले बहुतेक लोक कोणत्याही वर्षी घर विकत नसतात. राहत असतात. न विकणाऱ्यांनी वर्षानुवर्षं विकणाऱ्याच्या सोयीने जगावं, हा हिशेब कुणी मांडला?

कायदे हळूहळू सैल होताहेत, ही समाधानाची बाब. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने 2008 साली अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवरच्या बंद्या रद्द केल्या, कारण वीज वाचते. अमेरिकेत 1996 पासून एक मीटरपर्यंतची टीव्हीची तबकडी स्वतःच्या हक्काच्या जागेत लावायला रहिवासी संघटना सहसा अडवू शकत नाही. फ्लोरिडात एका जोडप्याने सतरा वर्षं जोपासलेली दर्शनी भागातली भाजीची बाग 2013 साली गावाच्या नियमामुळे उपटावी लागली. त्यांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, हरले, आणि शेवटी 2019 साली राज्याने कायदा करून भाजी लावायला बंदी घालण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकारच काढून घेतला. अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्याने 2021 साली अंगणात गवताची हिरवळच राखण्याची सक्ती काढली. बघा, यांतही बहुतेक ठिकाणी उपयोगाचाच आधार घ्यावा लागला. वीज, भाजी, पाणी. "मला हौस आहे" एवढ्यावर कायदा अजून कुणी केलेला नाही.

तो कायदेमंडळाने करावा अशी माझी अपेक्षाही नाही. ते वसाहतीच्या वार्षिक सभेतच होऊ शकतं, आणि त्यासाठी दोन-तीन ठराव पुरे आहेत. एक म्हणजे, सिद्ध करण्याचं ओझं तक्रार करणाऱ्यावर. त्याने स्वतःला काय त्रास होतो ते आपल्या नावानिशी लिहून द्यावं. "बरं दिसत नाही" हे कारण धरू नये. निनावी चिठ्ठ्यांवर नोटिसा काढण्याची चाल तर आधी बंद व्हावी, कारण वस्तीतला निम्मा कडवटपणा तिथून येतो. दुसरं, बांधकाम करणाऱ्यांनी नव्या वसाहतींत प्रत्येक इंचाला नाव देणं थांबवावं. लहान मुलांचा कोपरा, ज्येष्ठांचा कोपरा, योगाचा कोपरा, आणि मधे फरशी. एखादा कोपरा बिननावाचा, मातीचा, थोडा ओबडधोबड राहू द्यावा. तिथे कोण काय करेल हे आराखड्यात लिहिता येत नाही, म्हणूनच तो हवा.

आणि गच्ची. उपनगरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात रिकामी आणि सगळ्यात कडेकोट बंद जागा. कठडा उंच करून घ्या, तो खर्च मला मान्य आहे. लहान मुलांनी मोठ्या माणसाबरोबरच जावं, हेही मान्य. पण त्यानंतर कुलूप कशासाठी? किल्ली मागेल त्याला मिळावी. वहीत नाव, नेल्याची वेळ आणि परत केल्याची सही, एवढे तीन रकाने असावेत. आमच्याकडे चौथा रकाना कारणाचा आहे. तो आधी खोडावा.